एलजीए १७०० सॉकेट: आठ महिने आणि एक वाकडी पिन

आठ महिन्यांपूर्वी एलजीए १७०० सॉकेटचा (इंटेलचा प्रोसेसर बसवायच्या खाचेचा एक प्रकार) वापरलेला मदरबोर्ड घेतला. मशीन लगेच सुरू झालं, पण ३२ जीबी रॅमपैकी १६ जीबीच दिसू लागली! रॅमच्या पट्ट्या अदलाबदल केल्या, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं. एका बाजूचे स्लॉट काही केल्या रॅम ओळखेनात.

रॅमची जोडणी सॉकेटातूनच प्रोसेसरपर्यंत जाते, म्हणून शेवटी प्रोसेसर काढला. या सॉकेटात पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरच्या पोटाला नुसते सपाट सोनेरी ठिपके. वरून पाहिलं तर सगळं ठीकठाक. मग टॉर्च आडवा धरला. पिनांची टोकं रांगेने एकसारखी चमकली आणि कडेजवळचं एकच टोक काळं राहिलं.

ही वाकडी पिन कशाची, हे कळायला पिनांचा नकाशा लागतो. माझ्या बोर्डाच्या पुस्तिकेत तो नव्हता, ही माझी खरी तक्रार. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा वाचायचा: आडव्या रांगेला अक्षर, उभीला आकडा. आय आणि ओ ही अक्षरं सहसा गाळतात, १ आणि ०शी घोळ होऊ नये म्हणून. तरी पहिल्या खेपेला मी भलत्याच पिनेवर पोचलो. नकाशा प्रोसेसरच्या खालच्या बाजूचा होता आणि मी सॉकेट वरून बघत होतो, म्हणजे डावं-उजवं उलटं. कोपऱ्यातल्या खुणेच्या त्रिकोणापासून पुन्हा मोजलं, तर ती रॅमच्या दुसऱ्या चॅनलची (त्या बंद स्लॉटांच्या मार्गाची) डेटा लाइन निघाली!

भिंगाखाली बारीक सुईने ती शेजारणींच्या कलाला आणली, एकाच प्रयत्नात. तीच पिन पुन्हापुन्हा वाकवली तर तुटते. तेव्हापासून दोन्ही चॅनल चालू आहेत. रात्रभराची मेमरी टेस्टही निर्धोक पार पडली.

नकाशा पाहताना एक गोष्ट ठसली. शेकडो पिना नुसत्या वीज आणि ग्राउंडच्या (विजेच्या परतीच्या वाटेच्या) असतात, एकमेकींचा भार वाटून घेतात. डेटाच्या पिनेला मात्र बदली नसते. आणि नुसती पिनांची संख्या जुळली म्हणून प्रोसेसर चालतोच असं नाही. एलजीए ११५१ या जुन्या सॉकेटमध्ये २०१७ साली इंटेलने आठव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आधी राखीव असलेल्या काही पिना वीजपुरवठ्याला दिल्या. सॉकेट तेच, तरी जुन्या बोर्डांना नव्या प्रोसेसरचा अधिकृत आधार मिळाला नाही.

आता प्रोसेसर बाहेर काढला की आधी सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण बसवतो, मग प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसायला घेतो.