ऑनलाइन मिळणारं ‘घोस्ट हंटिंग किट’ : नागपूरच्या घरात कितपत कामाचं?

आधी निकाल. या किटमध्ये सहा वस्तू येतात: के-टू मीटर (विजेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र दाखवणारा), स्पिरिट बॉक्स (भराभर स्टेशनं बदलणारा रेडिओ), रेम पॉड (कुणी जवळ आलं की वाजणारा), इन्फ्रारेड थर्मामीटर, हिरव्या ठिपक्यांचा लेझर आणि व्हॉइस रेकॉर्डर. रेकॉर्डर चांगला आहे. के-टू मीटर वायरिंगचा दोष शोधायला उपयोगी पडतो. थर्मामीटर वापरायची रीत माहीत असेल तरच कामाचा. बाकी तिन्हींवर पैसे घालवू नयेत. आणि भुताटकीची तक्रार आलेल्या घरात जी वस्तू सगळ्यांत आधी न्यायला हवी, तीच या पेटीत नाही. तिच्याबद्दल पुढे.

किट घेणाऱ्याला वाटतं की तपास म्हणजे अंधारात मीटर धरून प्रश्न विचारणं. खरा तपास दिवसा उजेडी सुरू होतो. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं, एकाचं ऐकून दुसऱ्यानं सांगायला नको. घराचा नकाशा काढायचा आणि कुठं, किती वाजता, कोण हजर असताना काय झालं हे त्यावर टिपायचं. ‘माळ्यावर कुणी चालतं’, ‘त्याच खोलीत अंगावर काटा येतो’, ‘झोपेत छातीवर कुणीतरी बसतं, हात हलत नाही’ या तीन तक्रारी वरचेवर येतात आणि तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. तिसरी बहुतेक वेळा झोपेच्या पक्षाघाताची असते: मेंदू जागा होतो, स्नायू अजून झोपेतच असतात. किटमधलं एकही यंत्र ते पकडत नाही. त्यासाठी त्या माणसाची झोप, कामाची पाळी आणि जागरणं विचारावी लागतात.

आता के-टू मीटर. पाच दिवे आहेत. पहिला हिरवा दीड मिलिगॉसपर्यंत (मिलिगॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), मग अडीच, दहा आणि वीसपर्यंतचे, शेवटचा लाल वीसच्या वर. ‘लाल लागला म्हणजे आलं’ असं सगळे समजतात. घरगुती ५० हर्ट्झ विजेसाठी सामान्य लोकांकरता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २००० मिलिगॉस आहे, म्हणजे हा लाल दिवा तिच्या शंभराव्या भागावरच पेटतो. एप्रिल-मेमध्ये कुलरच्या मोटरीला चिकटवून धरा, सगळे दिवे पेटतील. हात-दोन हात मागं या, हिरव्यावर येईल.

मीटरच्या आत एकाच दिशेची कॉइल आहे. चुंबकीय क्षेत्र तिला आडवं असेल तर मीटर गप्प राहतो आणि मनगट वळवलं की एकदम पेटतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी तो उभा, आडवा आणि समोर असा तीन प्रकारे धरायचा. रीत अशी: आधी मेन स्विच बंद. सगळे मोबाइल घराबाहेर ठेवायचे, नुसते खिशात नाही. खोलीत दर एक मीटर अंतरावर खडूनं खुणा करून प्रत्येक खुणेवर नोंद घ्यायची. मग एकेक एमसीबी वर करत त्याच खुणांवर पुन्हा फिरायचं. मोबाइल बाहेर ठेवायचं कारण असं की हा मीटर ३० ते २०,००० हर्ट्झ पकडतो आणि टू-जी फोनचे झटके सेकंदाला २१७ या गतीनं येतात, म्हणजे नेमके त्याच पट्ट्यात. प्रश्नोत्तराच्या बैठकीत ‘हो असेल तर दिवा लाव’ म्हटल्यावर जो दिवा लागतो, तो बऱ्याचदा कुणाच्या तरी खिशातल्या फोनचा असतो.

महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांत एक दोष वारंवार सापडतो. जिन्याच्या दिव्याला वर-खाली टू-वे स्विच असतो. वायरमननं वायर वाचवायला फेज खालच्या मजल्याचा घेतला आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा. नीट वायरिंगमध्ये जाणारा आणि येणारा करंट शेजारी-शेजारी वाहतो, त्यामुळे दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. इथं ते दोन वेगळ्या भिंतींतून जातात आणि मधला अख्खा जिना मोठी कॉइल होऊन बसतो. दिवा लावला की जिन्यात मीटर चढतो, विझवला की उतरतो. घरच्यांना वाटतं, जिन्यात काहीतरी आहे. आहे ते वायरिंग, आणि ते धोक्याचंही आहे: वरचा एमसीबी पाडून न्यूट्रल सोडवणाऱ्याला जिन्याच्या दिव्यातून आलेल्या खालच्या फेजचा शॉक बसू शकतो. मीटरची किंमत वसूल होते ती अशा जागी.

कुलरबद्दल आणखी एक. इंजिनिअर विक टँडी यांनी १९९८ मध्ये एका ब्रिटिश प्रयोगशाळेतल्या ‘भुता’चा शोध छापला. तिथं नवा एक्झॉस्ट पंखा बसवला होता, त्यामुळे सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा कंप खोलीत साचत होता. शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरू लागलं, तेव्हा त्यांना उलगडा झाला. अस्वस्थता आणि डोळ्यांच्या कडेला दिसणारी आकृती याच कंपामुळे, असं त्यांचं म्हणणं होतं. सेकंदाला १९ म्हणजे मिनिटाला ११४० फेरे. पातं वाकलेला कुलरचा पंखा मधल्या स्पीडवर त्या आसपास येऊ शकतो. किटमध्ये याचं मोजमाप करणारं काही नाही, पण लागतही नाही. ताटलीत पाणी घेऊन खिडकीजवळ ठेवा, लहरी दिसल्या तर कुलर बंद करून पुन्हा बघा.

स्पिरिट बॉक्स हा या पेटीतला सगळ्यांत आकर्षक आणि सगळ्यांत फसवा नग. आत साधा एफएम-एएम रेडिओ आहे, फक्त तो कुठल्याच स्टेशनवर थांबत नाही. एका टप्प्यावर १०० ते ३५० मिलिसेकंद, लगेच पुढचा. नागपुरात ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ ही खासगी स्टेशनं आणि १००.६ वर विविध भारती आहे. गणित करा. टप्पा ०.१ मेगाहर्ट्झचा आणि वेग १०० मिलिसेकंदांचा धरला तर ९३.५ वरून ९४.३ वर यायला पाऊण-एक सेकंद लागतो. जोरदार स्टेशन शेजारच्या टप्प्यांवरही सांडतं, म्हणून प्रत्येकाचा पाव-अर्धा सेकंदाचा तुकडा कानावर पडतो. तेवढ्या वेळात काय मावतं? ‘जा’, ‘ये’, ‘नको’, ‘आई’. मराठीत एक-दोन अक्षरांचे असे शब्द भरपूर, आणि भेदरलेल्या माणसाला नेमके तेच ऐकू येतात. त्यात ही स्टेशनं हिंदी-मराठी मिसळून बोलतात, त्यामुळे दोन तुकडे जोडून ‘उत्तर’ तयार व्हायला वेळ लागत नाही.

तपासायची सोपी रीत आहे. अँटेना मिटवा, चालू बॉक्स आणि चालू रेकॉर्डर अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन-तीन थरांत फट न ठेवता गुंडाळा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवा. नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर उरेल, शब्द जवळजवळ गायब होतील. बोलणारं रेडिओच्या लहरींवर अवलंबून होतं, हे घरच्यांना त्याहून स्पष्ट दाखवता येत नाही. त्यांच्यासमोरच करा.

रेम पॉडही तसाच. छोट्या अँटेनाभोवती क्षेत्र असतं, अंग जवळ आलं की आतल्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी सरकते आणि तो किंचाळतो. शेजारी ठेवलेल्या फोनवर कॉल आला, वॉकीटॉकी दाबली, बॅटरी उतरली, पावसाळ्यात हवा दमट झाली किंवा मांजर जवळून गेलं, तरी तेच. तो काय सांगतो ते कळायला बाजूला कॅमेरा लावावा लागतो. कॅमेरा लावलाच असेल तर पॉड कशाला? लेझर ग्रिडचं, म्हणजे त्या हिरव्या ठिपक्यांच्या लेझरचं, त्याहून कमी बोलावं. स्वस्त हिरवे लेझर लेबलवर लिहिलेल्यापेक्षा जास्त ताकदीचे निघतात. लहान मुलं असलेल्या घरात तो काढूच नये.

इन्फ्रारेड थर्मामीटरबाबत गैरसमज फार. तो हवेचं तापमान मोजत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं मोजतो. लाल ठिपका म्हणजे मोजली जाणारी जागा नव्हे. अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास यांचं प्रमाण १२:१ असेल तर साडेतीन मीटरवरून सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी येते. पितळी समईवर किंवा चकचकीत स्टीलवर धरला तर तो भलतंच काही वाचतो. ‘कोल्ड स्पॉट’ शोधायचा असेल तर वेळेसह नोंद ठेवणारा साधा हवेचा थर्मामीटर दोन ठिकाणी रात्रभर ठेवावा, एक तक्रारीच्या जागी आणि एक शेजारच्या खोलीत. माळ्यावर चालण्याची तक्रार असेल तर आधी छपराकडे बघा. नागपुरात मे महिन्यात दिवसभर तापलेलं टिन रात्री आकसतं आणि फाटफाट वाजतं. कवेलूंवरून उदमांजर गेलं की माणूस चालल्यासारखं वाटतं. गव्हाणी घुबडाची किंकाळी तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याची झोपच उडवते.

रेकॉर्डर मात्र जरूर वापरा, फक्त सेटिंग बदलून. आवाज आला की सुरू होणारी सोय बंद करा, ती प्रत्येक आवाजाची सुरुवात कापते आणि उरलेलं शेपूट कुजबुजीसारखं वाटतं. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वाढवणारी सोयही बंद करा, शांततेत तो खरखर फुगवून ठेवतो. एमपीथ्रीऐवजी डब्ल्यूएव्ही, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. कुणी खोकललं, पोट गुरगुरलं, बाहेर ऑटो गेला, तर तिथल्या तिथं मोठ्यानं बोलून ठेवायचं. संशयास्पद जागा सापडली की ती तीन जणांना एकमेकांपासून लांब ऐकवा आणि ‘काय ऐकू आलं?’ एवढंच विचारून लिहून घ्या. ‘“माझं घर” ऐकू येतंय का?’ असं विचारलं की तेच ऐकू येणार.

आता पेटीत नसलेली वस्तू: कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) अलार्म. बंद बाथरूममधला गॅस गिझर, डिसेंबर-जानेवारीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी, आतल्या अंगणात चालवलेला जनरेटर, सगळ्यांतून हा वायू येतो. वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतात, कुणीतरी असल्यासारखं वाटतं. १९२१ साली अमेरिकेच्या नेत्रविज्ञान नियतकालिकात भुताटकीच्या घरातल्या एका कुटुंबाची हकीकत छापली गेली. त्यांना पावलं ऐकू येत, माणसं दिसत, आणि कारण निघालं बिघडलेल्या भट्टीचा धूर. अलार्म पाच मिनिटं फिरवून उपयोग नाही. अमेरिकी मानकानुसार ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) त्यानं एक ते चार तासांच्या दरम्यान वाजायचं असतं, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणून तो झोपण्याच्या खोलीत रात्रभर ठेवायचा. वाजला तर सगळ्यांनी आधी बाहेर, मग बाहेरूनच फोन. पेटीत हा नसणं हाच या किटचा मोठा दोष, बाकी सगळं त्यानंतर.

किटबरोबर ‘आत्मा घालवण्याची’ मेणबत्ती नि मीठ देणारे विक्रेतेही दिसतात. ते घेऊ नका, आणि कुणाच्या घरी जाऊन बाधा काढून देतो म्हणत पैसे तर अजिबात घेऊ नका. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, धूर देणं याच कायद्यात येतं. घरात दगड पडतात, कपडे पेटतात अशी भानामतीची तक्रार असेल तर यंत्रं पेटीतच ठेवा. तिथं बहुधा घरातलंच कुणीतरी त्रासलेलं माणूस सापडतं. त्याचं नाव चारचौघांत न घेता समजुतीनं बोलावं लागतं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं लागतं. हे काम शिकायचं तर १९८२ पासून नागपुरातून चालणारी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आहे.

पडक्या वाड्यात किंवा बंद कारखान्यात जायचं तर मालकाची लेखी परवानगी घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात सांगून ठेवा. कुजलेली सागवानी फळी पायाखालून जाणं, पावसाळ्यात साप, कडेला कठडा नसलेली विहीर, रात्री दुखापत होते ती यांनी.

घ्यायचंच असेल तर सुटं घ्या: रेकॉर्डर, के-टू, नोंद ठेवणारा थर्मामीटर, सीओ अलार्म, शिवाय वायरमनकडचा टेस्टर, खडू आणि वही. वायरिंगचा संशय आला की परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच बोलवा. के-टूमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी लागते. उन्हाळ्यात किट गाडीच्या डिकीत पडून राहिलं तर ती पाझरते आणि आतल्या पट्ट्या खाते, म्हणून वापर झाला की सगळ्या बॅटऱ्या काढून वेगळ्या पिशवीत ठेवा.