फायबर बोट रत्नागिरीवरून पवनीले आणली: दोन ट्रान्सपोर्ट, दोन बोटी, ९ महिन्यानंतरचा अनुभव

आमची मासेमारी सोसायटी गोसीखुर्दच्या पाण्यावर, पवनी तालुक्यात. मामा तलावात, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावात, लाकडी डोंगा चालून जाते, पण धरणाचं पाणी एवढं पसरलं की वारा सुटला तर डोंग्यात बसायले जिगर लागते. म्हणून सोसायटीनं १८ फुटी फायबरच्या २ बोटी घेतल्या, दोन्ही रत्नागिरीकडच्या एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातल्या. पाणी तेच, जाळी तीच, चालवणारे पण आम्हीच. फरक फक्त आणणाऱ्याचा, आणि तो फरक आता असा दिसून राहिला की लिहायलाच बसलो.

पहिली बोट मागच्या वर्षीच्या एप्रिलात आणली. नागपूरचा एक दलाल होता, नाव नाही लिहीत, कोकणातून गाडी रिकामी येतेच म्हणे, त्यात टाकून देतो. भाडं दुसऱ्यांपेक्षा ८ हजारानं कमी, आम्ही खूश. त्यानं फोनवर काय विचारलं तर फक्त दोन गोष्टी, कुठून कुठे आणि ॲडव्हान्स किती देता. तेव्हाच समजायले पाहिजे होतं पण नाही समजलं. बोट ८ दिवसांनी आली, बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर) एका गाडीचा नंबर आणि दारात उभी राहिली ती गाडी दुसऱ्याच नंबरची, म्हणजे रस्त्यात कुठंतरी माल बदलला. ई-वे बिलाची (जीएसटीतल्या माल नेण्याच्या परवान्याची) मुदत तर रस्त्यातच संपून गेली होती, कारण ते साध्या मालाले २०० किलोमीटरमागे १ दिवस मिळते, हजारेक किलोमीटरले ५ दिवस, आणि यांची गाडी मधेच उभी. बोटीच्या बुडाखाली एकच जाड लाकूड आडवं टाकलेलं, अख्खा भार त्याच्यावर. वरून रस्त्यात अवकाळी पाऊस लागलेला, पाणी निघून जायचं बुडाचं बुच कोणी काढलंच नाही, बोटीत पाणी साचलेलं. १ घनमीटर पाणी म्हणजे १ टन बापा, ते घेऊन गाडी खड्ड्यातून आदळत आली.

तेव्हा वरून काहीच दिसलं नाही, थोडे ओरखडे होते, आम्ही पेढे वाटले. दिवाळीच्या वेळी बोट धुवायले काठावर उलटी केली तर बुडाले कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, बरोबर त्या लाकडाच्या जागी. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, फुटला की पाणी आतल्या फायबरमध्ये शिरते, बाहेरून कळतच नाही. दलालाले फोन केला तर तो म्हणे तुम्हीच दगडावर घासली असन.

एका वकील भाऊले विचारलं. ते म्हणाले, वाहतूकदारावर केस करायची तर २००७ च्या कॅरेज बाय रोड ॲक्टप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जायले पाहिजे. आम्ही मोजलं तर ७ महिने होऊन गेले होते. आणि बिल्टीवर मालाच्या किमतीचा रकाना रिकामा, त्यावर मालाच्या मालकाच्या जबाबदारीवर असा शिक्का. सही आमच्याच माणसाची. म्हणजे बोट पाण्यात घातली की उलटी करून पाहायले दिवाळीची वाट पाहू नका, आम्ही तेच केलं.

दुसरी बोट जानेवारीत. या वेळी ५ जणांले फोन केले आणि कोण किती विचारते तेच पाहिलं, भाडं नंतर. तिघांनी सरळ रेट सांगून टाकला. एकानं फोटो मागितला आणि मंग गप्प. शेवटचा नागपूरचाच होता, त्यानं डोकं खाल्लं अक्षरशः. बोटीची रुंदी किती, बुड सपाट का कणा खाली निघालेला, इंजिन लावलेलं का सुटं, कारखान्यात क्रेन आहे का, तुमच्या गावात मोठी गाडी वळते का. गावच्या रस्त्याचा व्हिडिओ पाठवायले लावला आणि तो पाहून स्वतःच म्हणाला की पांदणीवर माझी गाडी येणार नाही, डांबरीवर उतरवून देतो, पुढचं तुमचं. तेव्हा मले राग आला होता खरा.

गाडी त्याची स्वतःची, बिल्टीवर त्याचा नोंदणी नंबर, बोटीची किंमत पूर्ण लिहिली, ट्रान्झिट विमा वेगळा काढला. कारखान्यातच लाकडी घोडी बनवून घेतली, म्हणजे भार कण्यावर, बाजूले नुसता आधार, मधे जुन्या टायरचे तुकडे. दोऱ्या नाही, रुंद बेल्ट. बुच काढून ड्रायव्हरच्या हातात दिलं. इंजिनची टाकी रिकामी करून ते वेगळ्या खोक्यात आलं.

उमरेड, भिवापूर करत गाडी पवनीले आली, एक दिवस उशिरा. त्यांच्या ऑफिसातला हिशोबवाला फोन उचलत नाही ही तक्रार आहेच आणि उतरवायचे पैसे भाड्यात नसतात हे त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं नाही. डांबरीवरून ट्रॉलीवर घेतली, मागून ६-७ फूट बाहेर लोंबत होती, खाली तणशीचे भारे रचले आणि १५ जणांनी हातावर उतरवली. जेसीबीवाला तयार होता पण साखळी लावतो म्हणाला, त्याले हात जोडले.

आता ऑक्टोबर आहे, ९ महिने झाले. दुसरी बोट आतापर्यंत ४ वेळा उलटी करून पाहिली, बुड काचेसारखं. पावसाळ्यात पाण्यात वाहून आलेल्या झाडाच्या ओंडक्याले धडकली तरी काही नाही. पहिलीले दर पंधरा दिवसांनी चिरांत पुटिंग भरा लागते, आणि रोहू-कटला भरून निघाली की एक माणूस पाणी उपसायलेच ठेवा लागते. भंडारा-नागपूर बाजूले फायबरचं काम नीट करणारा कोणी माहीत असन तर सांगा, इथला कारागीर पाण्याच्या टाक्या बनवते, त्याले बोटीतलं तेवढं समजत नाही.