बी.ए.ला राज्यशास्त्र: नऊ महिन्यांचा अनुभव, बेळगावहून

गेल्या ऑगस्टात बेळगावच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं आणि राज्यशास्त्र हा मुख्य विषय निवडला. गाव खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंतची शाळा मराठी. आता दोन सेमिस्टर झाली. यंदा बारावी झालेली गावातली मुलं विचारतात, विषय घ्यावा का? घ्या. फक्त गाईडच्या भरवशावर घेऊ नका.

आधी भाषेचं सांगते, कारण सगळे तिलाच घाबरतात. वर्गात इंग्रजी आणि कानडी मिसळून शिकवतात, पेपर मी इंग्रजीत लिहिते. पहिले दोन महिने सगळं डोक्यावरून जात होतं. मग एक वही घातली: एका ओळीत एकच शब्द, तीन भाषांत. लिहिता लिहिता भीती गेली. राज्यशास्त्राला कानडीतही राज्यशास्त्रच म्हणतात, राज्यपाल तोच, मूलभूत हक्क म्हणजे ‘मूलभूत हक्कुगळु’. अडले ते संघराज्यापाशी, कारण त्याला कानडीत ‘ओक्कूट’ म्हणतात आणि तो शब्द कानावरून कधी गेलाच नव्हता. ही वही मला सगळ्या नोट्सपेक्षा जास्त उपयोगी पडली.

राजकीय सिद्धान्ताच्या पेपरने निराश केलं. हॉब्ज, लॉक आणि रूसो, या तिघा विचारवंतांचे सामाजिक करार दीड पानात लिहून दिले. सत्ता लोकांच्या संमतीवर उभी असते हा केवढा मोठा विचार, आणि तो पाच मार्कांची टीप होऊन बसला. ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचली तेव्हा कुठे तिघांतला फरक समजला.

खरी गोडी लागली ती संविधानाने. इथे मात्र मूळ मजकूरच वाचा, मराठी प्रत मिळते. बोम्मई खटला आपल्याच राज्यातला. 1989 मध्ये मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचं कर्नाटकातलं सरकार बरखास्त झालं आणि 11 मार्च 1994 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की बहुमत आहे की नाही हे सभागृहातच ठरलं पाहिजे. कर्नाटक विधानसभेच्या डिसेंबरच्या अधिवेशनात आम्हाला बेळगावच्या सुवर्ण विधानसौधच्या गॅलरीत बसायला मिळालं. हलग्याजवळची ती इमारत एसटीतून शंभरदा पाहिली होती. पण 224 आमदारांचं सभागृह वरून पाहताना निकालातलं ते वाक्य आठवलं आणि अंगावर काटा आला.

सीमाप्रश्न तर आमच्या घरातच मुरलेला. आजोबा दर 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून बेळगावच्या फेरीला जायचे. लहानपणापासून ऐकलेल्या तुटक गोष्टी यंदा एका धाग्यात आल्या. राज्यांच्या सीमा बदलणं कलम 3 प्रमाणे संसदेच्या हाती असतं, विधानसभेचं फक्त मत मागवतात. हा वाद सोडवायला केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, पण निपाणी आणि खानापूर धरून 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस केली. महाराष्ट्राने 2004 मध्ये दावा लावला तो थेट सर्वोच्च न्यायालयात, कारण केंद्र आणि राज्यांमधले असे तंटे कलम 131 खाली तिथेच चालतात.

एका रात्री आजोबांना कलम 350-अ वाचून दाखवलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, तशा पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं ते सांगतं. हे कलम सातव्या घटनादुरुस्तीने आलं, 1956 मध्ये. ज्या वर्षी भाषावार राज्यांच्या सीमांची रेघ ओढली गेली, त्याच वर्षी रेघेच्या अलीकडे राहणाऱ्यांसाठी हे लिहिलं गेलं. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पोरी, साल परत वाच बघू.”

त्याच पानावर कलम 350 आहे. गाऱ्हाणं मांडायचं असेल तर केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. आमच्या गल्लीत नळाला चार-चार दिवस पाणी येत नव्हतं. जानेवारीत मी मराठीत अर्ज लिहिला, खाली कलमाचा आकडा घातला आणि पंचायतीत नेऊन दिला. आधी “कानडीत आणा” म्हणाले, मग कलम वाचून ठेवून घेतला आणि पोच दिली. वर्गात मॅडमना सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, “उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं, ते कलमात कुठे लिहिलंय?” पुन्हा वाचलं. कुठेच नव्हतं. हक्क कुठवर जातो आणि कुठे थांबतो हे शोधायची सवय मला त्या प्रश्नाने लावली, आणि फक्त तेवढ्यासाठीसुद्धा हा विषय मी परत घेईन.

मार्चमध्ये उत्तर आलं, कानडीत. वही शेजारी घेऊन बसले, अर्ध्या तासात पत्र वाचून काढलं आणि आजोबांना मराठीत सांगितलं. मोटर दुरुस्त झाली आहे, आता एक दिवसाआड पाणी येतं.