थंडीतल्या पक्ष्यांसाठी दाणे ठेवावेत की पाणी?

हिवाळ्यात बागेत पक्षी यावेत म्हणून बहुतेकजण आधी बाजरी-तांदूळ टाकतात. चिमण्या, होले, मुनिया येतात, पण शहरात पारवे त्यांना हुसकावून सगळं फस्त करतात; वर विष्ठेची घाण वेगळी. ऑक्टोबरच्या सुमारास उत्तरेकडून येणारा थिरथिरा तर दाण्यांकडे फिरकतही नाही. त्याला किडे हवेत.

मातीच्या उथळ भांड्यातलं पाणी मात्र सगळ्यांनाच चालतं. बुलबुल, दयाळ प्यायला येतात, मनसोक्त अंघोळही करतात. दोन-तीन सेंटीमीटर पाणी पुरे, मधे एक दगड. झुडूप जवळ असावं, पण मांजर दडेल इतकं जवळ नको. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.

मी पाणीच निवडेन. दाणे टाकायचेच तर सकाळी मूठभर, आणि उरलेले संध्याकाळी उचला. शेव-फरसाण अजिबात नको!