जखमेचा स्प्रे: जून ते ऑक्टोबर वापरल्यावर

आमच्या गोठ्यात दर पावसाळ्यात एखाद्या जनावराला तरी किडे पडतात. यंदा जूनमध्येच माशी न बसू देणारा जखमेचा स्प्रे आणला. चार गाई, एक कालवड, एक कुत्रा. तीन डबे आणले.

एका गाईचं शिंग मोडलं, त्याच संध्याकाळी स्प्रे सुरू केला, सकाळ-संध्याकाळ. जखम आठवड्याभरात सुकत आली, माशी फिरकली नाही. ताज्या जखमेला हा डबा पैसे वसूल आहे.

कालवडीच्या खुराच्या बेचक्यातली चीर मात्र चिखलामुळे दिसलीच नाही. लंगडायला लागली तोवर वास सुटला होता, आत किडे पडले होते. हे किडे पाडणारी माशी (क्रायसोमिया बेझियाना) घरमाशीसारखी सडक्यावर भागवत नाही, तिच्या अळ्यांना जिवंत मांस लागतं. जखमेच्या काठाला शे-दोनशे अंडी घालते, दिवसभरात अळ्या निघतात आणि तोंड खाली करून आत घुसतात. स्प्रे मारला तर वरच्या चार वळवळल्या, खालच्यांना पत्ताही नाही.

डॉक्टरांनी टर्पेंटाईनचा बोळा थोडा वेळ ठेवला. अळ्या वर यायला लागल्या, चिमट्याने ६३ काढल्या. दुसऱ्या दिवशी आणखी ११. बोळा तासन्‌तास ठेवायचा नाही, चांगलं मांस भाजतं. कालवडीला आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषधही दिलं. दुभत्या गाईला ते देत नाही, दुधात उतरतं, असं डॉक्टर म्हणाले. आबा सीताफळाचा पाला वाटून भरा म्हणत होते. त्यांच्या काळी तेच औषध होतं, पण खुरात लगदा भरायला मी काही धजलो नाही.

काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाका. गोठ्यात झटकल्या तर मातीत जाऊन कोश करतात, त्यातून पुन्हा माशा.

कुत्र्याच्या बाबतीत स्प्रे फसला. फुस्स आवाज झाला की पळतो, आणि सापडलाच तर लावलेलं पायाने खाजवून काढतो. त्याच्या कानामागच्या जखमेला डॉक्टरांकडून मलम आणलं आणि पाच लिटरच्या डब्याचा गळपट्टा कापून घातला. अंगणभर ठोकर खात फिरला, पण जखम भरली.

तिसऱ्या डब्याचं तोंड अर्ध्यातच तुंबलं. गरम पाणी, टाचणी, सगळं झालं, उरलेलं औषध वाया गेलं.

चौथा डबा घेणार आहे. त्याच्या शेजारी आता टर्पेंटाईन, चिमटा आणि वासराच्या नाळेसाठी टिंक्चर आयोडीन. आणि रोज धार काढून झाली की बॅटरी घेऊन चारही खूर उचलून बघतो. कालवड मात्र बॅटरी दिसली की खुंट्याभोवती फिरायला लागते.