हार्ट अटॅकनंतर घरी: रिमोट मॉनिटरिंगचं पॅकेज घ्यावं की नेहमीचा फॉलो-अप पुरे?

अँजिओप्लास्टी झालेली असते, डिस्चार्जचे कागद तयार होत असतात आणि तेवढ्यात विचारणा होते: घरच्या मॉनिटरिंगचं पॅकेज, म्हणजे घरून यंत्राने रीडिंग पाठवायची सोय, घेणार का? हो-नाही ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा. पाठवलेलं रीडिंग कोण बघणार? आणि वाचणारा पैसा कुणाच्या खिशातला?

फायद्याचा पुरावा नक्कीच आहे. लंडनच्या टेली-एसीएस चाचणीत (निष्कर्ष २०२४) ३३७ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांना घरी बारा लीडचा (म्हणजे हृदयाकडे बारा कोनांतून बघणारा) ईसीजी काढणारा पट्टा, बीपी मशीन आणि ऑक्सिमीटर दिलं. त्रास झाला की ईसीजी पाठवायचा, हृदयरोग विभागातले डॉक्टर तो बघून पुढचं सांगणार. सहा महिन्यांत पुन्हा भरती होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, इमर्जन्सीच्या फेऱ्या ४१ टक्क्यांनी.

आता हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय रक्त पुरेसं पंप करत नाही अशा रुग्णांवरची अमेरिकेतली टेली-एचएफ चाचणी पाहा (२०१०). १,६५३ रुग्णांपैकी निम्म्यांनी स्वयंचलित फोनवर रोज वजन आणि लक्षणं नोंदवायची होती. पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूंत काहीच फरक पडला नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने अशाच रुग्णांसाठी चोवीस तास डॉक्टर-नर्स बसवले, तिथे मृत्यू कमी झाले (२०१८). म्हणून माझं मत ठाम आहे: पलीकडे जबाबदार माणूस नसेल, तर पॅकेजवर रुपयाही घालू नका.

पैशाचं गणित इंग्लंडमध्ये सरळ आहे. यंत्राचा खर्च एनएचएसचा (तिथली सरकारी आरोग्यसेवा) आणि वाचलेली खाटही एनएचएसचीच. आपल्याकडे पॅकेजचे पैसे बहुतेकदा घरातून जातात, कारण मेडिक्लेम मुख्यतः भरतीचा खर्च देतो. भरती टळली तर बचत विमा कंपनीची किंवा महात्मा फुले योजनेची. तुमच्या वाट्याला येते ती बुडणारी रोजंदारी, गाडीभाडं आणि सोबत थांबणाऱ्याची धावपळ. विमा किंवा योजना नसलेल्या घराचं मात्र एक भरती टळली तरी पॅकेज वसूल होऊ शकतं.

नेहमीच्या फॉलो-अपमध्ये ओपीडीच्या फेऱ्या, रक्ततपासण्या, गोळ्या आणि दंडावर बांधायचं साधं बीपी मशीन एवढंच लागतं. पाच मिनिटं शांत बसून, सकाळी गोळीआधी रीडिंग घ्या आणि वहीत लिहा. इथेही फोन उचलणारा माणूस हवाच. उदाहरणार्थ, टिकाग्रेलोर (स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी गोळी) घेणाऱ्या काहींना त्या गोळीनेच धाप लागते. घाबरून कुणी कॅज्युअल्टी गाठतं, तर कुणी गोळीच बंद करतं. स्टेंटनंतर मनाने गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. वेळेवर फोन झाला तर डॉक्टर तपासून गोळी बदलून देऊ शकतात. भारतातल्या १४ रुग्णालयांत झालेल्या स्प्रेड चाचणीत (२०१६) प्रशिक्षित आरोग्यसेवक रुग्णांच्या संपर्कात राहिले. गोळ्यांचा नियमितपणा वाढला, बीपीही थोडं उतरलं. यंत्रांपेक्षा मला हे आपल्या खिशाला जास्त परवडणारं वाटतं.

स्मार्टवॉच हा तिसरा पर्याय नाही. त्याचा एका लीडचा ईसीजी ठोक्यांची अनियमितता दाखवतो, हार्ट अटॅक ओळखत नाही.

मग कुणी घ्यावं? इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) ४० टक्क्यांच्या खाली असेल, पेशंट एकटा राहत असेल किंवा अँजिओप्लास्टी होणारी कॅथलॅब दोन-अडीच तासांवर असेल, तर सुरुवातीचे काही महिने जरूर घ्या. हृदयाची ताकद चांगली आणि हॉस्पिटल जवळ असेल, तर तेच पैसे आधी वर्षभराच्या गोळ्या आणि कार्डिअॅक रिहॅबसाठी (देखरेखीखालचा व्यायाम आणि सल्ला) राखा. जेनेरिक चालेल का, हे डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

पॅकेज घेणार असाल तर लेखी घ्या: रात्री दोनला ईसीजी पाठवला तर कोण बघणार, किती वेळात, आणि ते तुमच्या कार्डिऑलॉजिस्टना कळवणार का. आणि छातीत दुखणं थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर पट्टा बांधत बसू नका, थेट १०८ लावा.