एलजीबीचे पितळी रूळ: बागेत मुरणाऱ्या रेल्वेसाठी घ्यावेत का?

एलजीबी म्हणजे बागेत चालवायच्या मोठ्या मॉडेल रेल्वेचा ब्रँड. त्याचा रूळ हातात घेतला की आधी वजन जाणवतं. भरीव पितळ, साधारण ८.४ मिमी उंची, खाली उन्हाला टिकणारे तपकिरी प्लॅस्टिकचे स्लीपर आणि दोन रुळांमध्ये ४५ मिमी अंतर. हा जर्मन ब्रँड १९६८ पासून बाजारात आहे, २००७ पासून तो मेर्क्लिन या मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या कंपनीकडे आहे. वर्षभर उघड्यावर राहणाऱ्या रेल्वेसाठी याहून भरवशाचा तयार रूळ सापडणं कठीण. चुकून पाय पडला तरी वाकत नाही. नव्याची पिवळी चकाकी पाऊस-उन्हात आपोआप उतरते आणि रूळ मातकट तपकिरी होतो. बागेत तो रंग फार शोभतो, त्यामुळे बाजू घासायच्या भानगडीत पडू नये. फक्त वरचा माथा स्वच्छ हवा.

खटकतं ते सेटसोबत येणारं वळण. आर१ म्हणजे ६०० मिमी त्रिज्या, १२ तुकड्यांत गोल पूर्ण, सगळा मिळून जेमतेम १.३ मीटर. छोटं इंजिन त्यावर मजेत फिरतं, पण लांब डबे आले की त्यांची टोकं बाहेर लोंबतात, मधला भाग आत झुकतो आणि सगळा देखावा खोटा वाटू लागतो. जागा असेल तर किमान आर३ घ्यावं: ११९५ मिमी त्रिज्या, १६ तुकडे. खर्च वाढतो, पण बागेत रेल्वे मुरते ती इथेच. आर१चे तुकडे झुडपामागे लपणाऱ्या वळणावर वापरता येतात. डावं वळण संपताच लगेच उजवं जोडू नये. मध्ये ३० सेंमीचा एक सरळ तुकडा टाकला नाही तर डब्यांच्या कड्या एकमेकींना रेटतात आणि चाकं उतरतात.

रूळ कितीही चांगला असला तरी तळ कच्चा असेल तर फुकट. २० सेंमी रुंद, १५ सेंमी खोल चर खणावा, तण रोखणारं कापड अंथरावं, खडी भरून धुम्मसानं ठोकावी. वर ३ ते ६ मिमीची टोकदार खडी, तीही कच मिसळलेली. गोल गोटे नकोत, ते घरंगळतात आणि स्लीपरला धरत नाहीत. भर स्लीपरच्या माथ्याशी थांबवावी. पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या) पात्यांजवळ हात आखडता घ्यावा, कारण तिथे अडकलेला एक खडासुद्धा गाडी पाडतो. पाणसळ लांबीत आणि आडवी, दोन्हीकडे लावून बघावी. चढ मीटरला २ सेंमीपर्यंत ठीक. ४ सेंमीला गाडी आखूड ठेवावी लागते.

रूळ काँक्रीटला स्क्रूनं आवळू नयेत. १० मीटर पितळ ४० अंशांच्या फरकानं सुमारे साडेसात मिमी वाढतं. थंडीत सांधे घट्ट भिडवले तर उन्हाळ्यात वळण बाहेर ढकललं जातं, नाहीतर सरळ भाग फुगतो. मध्यम तापमानात, प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवून टाकलेला रूळ खडीवर मोकळा बसतो आणि हलतो तेवढा हलू द्यावा.

इंजिनाला वीज रुळातूनच मिळते. रुळासोबत येणाऱ्या सांधपट्ट्या नव्या असताना ती चांगली वाहतात, पण आत ओल आणि माती गेली की लांबच्या टोकाला इंजिन मंदावतं. जोडतानाच ग्राफाइटची पेस्ट लावावी आणि दर ४-५ मीटरवर १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेनं वेगळा पुरवठा द्यावा. ट्रान्सफॉर्मर कायम घरात, कोरड्या जागी. बाहेर फक्त कमी दाबाची तार न्यावी. माथा साफ करायला बारीक घासपट्टी पुरते. स्टील वूल अजिबात नको, त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटून शॉर्ट करतात.

झाडांची निवडही रुळाच्या मापानंच करावी. प्रमाण १:२२.५ धरलं तर माणूस ८ सेंमीचा होतो आणि २ सेंमीचं पान त्याच्यापुढे ४५ सेंमीचं. म्हणून पसरणारा थाइम, शेवाळ, बुटके सूचिपर्णी, म्हणजे पान ५ मिमीच्या आत असलेली झाडं. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १० सेंमी मोकळं हवं, वळणावर त्याहून थोडं जास्त. थाइम रुळावर चढतो, त्याची छाटणी चुकवू नये.

बॅटरीवर चालणारं इंजिन घेणार असाल तर मात्र पितळेवर पैसे घालू नयेत. रुळातून वीज न्यायचीच नसेल तर ॲल्युमिनियमचा रूळ स्वस्त पडतो, आणि त्याच्यावरचा न वाहणारा ऑक्साइडचा थर तिथे आड येत नाही.